रिद्धपूरला कोण जाणार?

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की माझ्याकडे दोन-तीन तरी विद्यार्थी येतात. भाषा हाच विषय पुढे घ्यायचा हे त्यांचे ठरलेले असते. प्रश्न उरलेला असतो तो एम. ए. कोठून करावे, एवढाच. बहुधा त्यांच्यासोबत घरातले एखादे वडीलधारे माणूस असते आणि त्याच्यापाशी उत्तर तयार असते. भाषा घेतोच आहे तर घेऊ दे, पण निदान मुंबई-पुण्यात राहून घेऊ दे. तिथे प्रकाशक आहेत, नाट्यगृहे आहेत, वृत्तपत्रे आहेत, स्पर्धापरीक्षांचे वर्ग आहेत. एक दार बंद झाले तर दुसरे उघडेल. गावाबाहेरच्या माळावर वसलेल्या विद्यापीठात जाऊन दोन वर्षे काय करायची?

हाच प्रश्न अलीकडे अधिक मोठ्या आवाजात विचारला जाऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या खेड्यात स्थापन केले आणि २०२४ साली त्याचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर एका चर्चासत्रात चहाच्या वेळी एका विद्वान सहकाऱ्यांनी विचारले, ‘‘विद्यापीठ ठीक आहे हो, पण रिद्धपूरला कोण जाणार?’’ सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला नंतर लाज वाटली. कारण ज्यांनी जन्मभर भाषेच्या अध्यापनावर उपजीविका केली अशी दहा-बारा माणसे तिथे होती, आणि भाषेच्या अभ्यासाला कोणती जागा लागते याचा विचार त्यांपैकी एकानेही केलेला नव्हता.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. भाषेची पदवी घ्यायची असेल तर ती निवासी, शहराच्या वर्दळीपासून दूर असलेल्या विद्यापीठात घ्यावी. लेखकाला शहर लागते हे मला मान्य आहे. नाटककाराला तर ते लागतेच. परंतु लेखक होणे आणि भाषेचा विद्यार्थी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करीत आलो आहोत. मराठीतली लघुनियतकालिकांची चळवळ मुंबईत वाढली, हे उदाहरण माझ्या तोंडावर नेहमी फेकले जाते. ती वाढली ती विद्यापीठाच्या वर्गात नव्हे. किंबहुना विद्यापीठाच्या वर्गाला कंटाळलेल्यांनीच ती वाढवली. तेव्हा शहराचे श्रेय शहरातल्या मराठी विभागांनी आपल्या खात्यावर जमा करून घेऊ नये.

भाषेचा अभ्यास म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. ‘लीळाचरित्रा’तली एखादी छोटी लीळा घ्या. छापील पानावर ती दहा-बारा ओळींची असते. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली १९७८ची प्रत समोर ठेवायची, ह. ना. नेने यांची जुनी प्रत शेजारी ठेवायची, पाठ कोठे बदलतो ते पाहायचे. मग एखादे विभक्तिरूप अडते. ते दुसऱ्या कोणत्या लीळेत आले आहे का, हे शोधण्यात तास जातो. मग स्थळ अडते. त्यासाठी ‘स्थानपोथी’ उघडायची, तिथे देवळाचे दार कोणत्या दिशेला होते याचीही नोंद सापडते आणि लीळेतले माणूस कोठून आले व कोठे बसले हे एकाएकी डोळ्यांसमोर उभे राहते. सकाळची दुपार होते. हाती लागलेले असते एक वाक्य. पण ते वाक्य पुन्हा विसरले जात नाही. ही रीत जुन्या मराठीपुरती नाही. कोणताही गद्यलेखक किंवा कवी असाच, थांबत थांबत वाचावा लागतो.

आता हे काम साडेसातच्या तासाला, अकराच्या नोकरीपूर्वी, दोन लोकलगाड्यांच्या मध्ये कसे व्हावे? मी एका मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवले. एम. ए.च्या हजेरीपटावर शंभरावर नावे आणि समोर नऊ माणसे. त्या नऊ जणांना मी दोष देत नाही. न येणाऱ्यांनाही देत नाही. ते घर चालवीत होते. दोष द्यायचा तो या व्यवस्थेला, जी परीक्षेला बसण्याची सोय करते आणि तिला शिक्षण म्हणते.

या व्यवस्थेचे मूळ फार जुने आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली निघाली ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे महाविद्यालये संलग्न करून घेणारी व परीक्षा घेणारी कचेरी या स्वरूपात. विद्यापीठाने स्वतः शिकवावे यासाठी १९०४च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. त्या कचेरीत देशी भाषांना जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसाला वर्षानुवर्षे झगडावे लागले. पुढे जागा मिळाली. पण मिळाली ती परीक्षेच्या वेळापत्रकात. दिवसाच्या चोवीस तासांत ती कधी मिळाली नाही. शहरातला भाषाविभाग आजही मनाने त्याच कचेरीत बसलेला आहे.

या साच्याला भारतात पहिला मोठा नकार दिला तो रवींद्रनाथांनी. शांतिनिकेतनची शाळा १९०१ची आणि विश्वभारती १९२१ची. बोलपूरजवळच्या उजाड माळावर विद्यापीठ काढणे हा कवीचा लहरीपणा आहे असे कलकत्त्यातल्या पुष्कळांना तेव्हा वाटले असेल तर नवल नाही. पण भाषांच्या अभ्यासाचे तिथे काय झाले ते पाहावे. हजारीप्रसाद द्विवेदी १९३० साली तिथे हिंदीचे अध्यापक म्हणून गेले आणि वीस वर्षे राहिले. काशीत शिकलेला, ज्योतिष आणि संस्कृत यांत मुरलेला हा तरुण बंगाली मुलखातल्या एका खेड्यात जाऊन पडला, असे कोणी त्या वेळी म्हणू शकले असते. तिथे क्षितिमोहन सेन होते. गावोगावच्या साधूंच्या तोंडून त्यांनी कबीराची वाणी गोळा केली होती. १९३७ साली तिथेच चीनभवन उभे राहिले आणि तान युन-शान यांच्यासारखा चिनी विद्वान शेजारी झाला. १९३९ साली हिंदीभवन झाले. द्विवेदींचा ‘कबीर’ हा ग्रंथ १९४२चा. हिंदी समीक्षेत कबीराला जी प्रतिष्ठा आज आहे ती घडविण्यात या ग्रंथाचा वाटा किती मोठा आहे, हे हिंदीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. हे पुस्तक काशीत झालेच नसते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र संध्याकाळी पायी चालत जाऊन ज्याच्या ओट्यावर बसावे असा दुसऱ्या भाषेचा जाणकार शेजारी असणे, ही गोष्ट निवासी विद्यापीठातच सहज घडते. मोठ्या शहरात त्याच माणसाला भेटायला आधी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि मग दीड तास प्रवास करावा लागतो. आणि बहुतेक वेळा ती भेट राहूनच जाते.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. शांतता, तपोवन, गुरुशिष्य ही सारी उच्चवर्णीयांची, पोट भरलेल्यांची स्वप्ने आहेत; ज्याला जगायचे आहे त्याने शहरातच गेले पाहिजे, कारण शहरानेच त्याला गावच्या वेशीबाहेरून सोडवले, असा तो आक्षेप. त्यातले दुसरे वाक्य खरे आहे. पहिले खरे नाही, आणि ते खोटे ठरवणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत वाढणाऱ्या भीमराव आंबेडकरांना अभ्यासासाठी निवांत वेळ मिळावा म्हणून त्यांचे वडील त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवीत, ही हकीकत त्यांच्या चरित्रात सर्वांनी वाचलेली आहे. महानगरात गरीब मुलाच्या वाट्याला येणारी शांतता किती वाजता सुरू होते, हे त्यावरून कळावे. याच माणसाने १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले ते औरंगाबादला. मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता. उच्च शिक्षणाची तिथे वानवा होती. शहराबाहेरची मोकळी जमीन घेतली, तिला नागसेनवन असे नाव दिले, महाविद्यालयाबरोबर वसतिगृहे उभी केली. आपल्या पोरांना प्रथम काय द्यायचे हे बाबासाहेबांना नेमके ठाऊक होते. टेबल, दिवा, दोन वेळचे जेवण, आणि ‘‘उठ, पाणी आण’’ असे कोणी म्हणणार नाही असे सलग चार तास. खोपटात राहणाऱ्याला शांतता ही चैन वाटत नाही. ती त्याला प्रथमच मिळत असते.

आणि त्या वनात शांतता होती म्हणून मौन होते काय? मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेतून परतले ते तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची जाण घेऊन. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि दशकानुदशके चालवले. दलित साहित्याचा उद्रेक मुंबईच्या वस्त्यांतून झाला हे खरे. पण त्या साहित्याला स्वतःची समीक्षा, स्वतःची परिभाषा, स्वतःचे वाचक मिळवून देण्याचे चिवट काम फार मोठ्या प्रमाणात नागसेनवनात आणि औरंगाबादच्या विद्यापीठाच्या परिसरात झाले. इथे कोणी मला भाबडा ठरवू नये म्हणून हेही सांगतो, की १९५८ साली स्थापन झालेल्या त्याच विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळाने केला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. परिसरातली झाडे माणसाला आपोआप शहाणे करीत नाहीत. परंतु त्या सोळा वर्षांत शांत परिसरांतल्या वसतिगृहांनी जी माणसे घडविली, त्यांनीच हा लढा शब्दांत मांडला.

दुसरा आक्षेप जिवंत भाषेचा. भाषा रस्त्यावर असते, ग्रंथालयात नसते. माळावरच्या विद्यापीठात विद्यार्थ्याच्या कानावर काय पडणार? हा आक्षेप घेणाऱ्यांनी निवासी विद्यापीठाची खाणावळ पाहिलेली नसावी. मी एका विद्यापीठात अतिथी-अध्यापक म्हणून सहा महिने राहिलो होतो. तिथे एका रात्री जेवताना मुलग्याला घरी काय म्हणतात यावर गोष्ट निघाली. वऱ्हाडातला म्हणाला पोट्टं, परभणीचा म्हणाला लेकरू, गडहिंग्लजचा म्हणाला पोरगं, सावंतवाडीच्या मुलीने झील सांगितले आणि धुळ्याकडच्या एका अबोल मुलाने, सर्वांत शेवटी, आंडोर. मग लेकरू म्हणजे मुलगी होते की नाही, यावर अर्धा तास भांडण झाले. व्याकरणातले लिंगप्रकरण मी वर्गात पंधरा वर्षे शिकवीत होतो. ते असे शिकवता येते हे मला त्या रात्री समजले. शहर हे शब्द पुसून टाकते. तिथे आलेला अहिराणी मुलगा पहिल्या महिन्यात आपली बोली खिशात घालतो, कारण लोकलगाडीत आणि मुलाखतीत तिचे हसे होते. वसतिगृहातही हसे होतेच, पण तिथे हसणारा आणि हसवणारा दोन वर्षे एकाच ताटावर बसतात. तिसऱ्या महिन्यात हसणारा ते शब्द वापरू लागतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण या संदर्भात आठवते. १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून त्याचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा येरवड्याचा तो परिसर शहराच्या पलीकडे, नदीपार होता. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या काळात ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे काम १९४८ साली तिथे सुरू झाले, ना. गो. कालेलकर, अशोक केळकर यांच्यासारखे भाषावैज्ञानिक तिथे शिकवीत. आता शहर त्याला चहूबाजूंनी येऊन भिडले आहे, पण कोश अजून चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे काम कोणत्या प्रकारच्या जागेत तग धरते, याचा विचार व्हावा.

येथवर मी ज्यांच्या बाजूने बोललो त्यांनाच आता चार शब्द सुनावले पाहिजेत. शांत विद्यापीठांचे चालक ज्या शांततेची जाहिरात करतात ती पुष्कळदा नुसती ओसाडी असते. मराठीत शांत, निवांत आणि ओसाड हे तीन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. भाषाविभागात मंजूर पदे सहा आणि भरलेली दोन. बाकीचे तास तासिका तत्त्वावरच्या तरुणांच्या माथी. सात-सात वर्षे हे तरुण तासाच्या दराने राबतात, सुट्टीत त्यांना एक पैसा मिळत नाही, आणि विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करायचे ते त्यांनीच, नावावर मात्र नाही. अशा ठिकाणी परिसर शांत असतो, कारण बोलायला कोणी उरलेलेच नसते. एका विद्यापीठात मी तोंडी परीक्षेसाठी गेलो होतो. विभागाच्या ग्रंथसंग्रहातले एक हस्तलिखित पाहायचे होते. कपाटाची किल्ली ज्या शिपायाकडे होती तो लग्नाला गेला होता. किती दिवसांपूर्वी, हे कोणाला सांगता येईना. आणि त्याची कोणाला खंतही नव्हती, कारण ते कपाट उघडायला गेल्या वर्षभरात कोणी आलेच नव्हते.

मुलींच्या बाबतीत तर ही ओसाडी उघड अन्याय होऊन बसते. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद, असा नियम मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. भाषेच्या वर्गांत आज मुलींची संख्या मुलांहून अधिक दिसते. म्हणजे ज्यांच्यासाठी विभाग चालतो त्यांनाच तीन तास कमी. काळजीपोटी केलेला नियम आहे असे कुलमंत्री सांगतात. काळजी असेल तर रस्त्यावर दिवे लावावेत, ग्रंथालयापासून फाटकापर्यंत एक पहारेकरी ठेवावा. पुस्तक बंद करणे हा काळजीचा मार्ग नव्हे. एखाद्या बापाने याच कारणासाठी मुलीला शहरात, मावशीच्या घरी ठेवून शिकवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे माझ्या साऱ्या युक्तिवादाचे बळ संपते.

म्हणून रिद्धपूरचा प्रश्न मला विनोदाचा वाटत नाही. ते गाव सोयीचे नाही, हे खरे. पण मराठी गद्याची पहिली महान कृती ज्या माणसाने सिद्ध केली, तो म्हाइंभट पंडित होता आणि कोणत्याही राजधानीत त्याला आसन मिळाले असते. तो बसला रिद्धपुरात. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे तो गावोगाव गेला, प्रत्येकाकडून ऐकले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सारे तिथे एकत्र केले. महदंबेचे धवळे त्याच गावातले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मान देतो. केशोबास संस्कृतात रचना करू पाहत होते तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण तसे झाले तर पंथातल्या साध्या बायाबापड्यांना ते कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भाषेच्या निवडीचा हा निर्णय देवगिरीच्या दरबारात झाला नाही. आणि ‘कोण जाणार’ असे विचारणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे, की म्हाइंभटाने लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केले, आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत तिने केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ साली बाहेर आला. रिद्धपूर तिला दूर वाटले नाही. ते दूर वाटते आपल्याला.

परंतु पूर्वपुण्याईवर विद्यापीठ चालत नाही. तिथे पोथ्यांच्या जतनाची व्यवस्था हवी, सगळी पदे पूर्णवेळ भरलेली हवीत, मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू, गुजराती, गोंडी जाणणारी माणसे त्याच आवारात राहायला हवीत. एकट्या मराठीचे विद्यापीठ हे मराठीलाही पुरणार नाही. आणि वसतिगृहे आधी हवीत, प्रशासकीय इमारत मागाहून झाली तरी चालेल. पहिल्या पाच वर्षांत एवढे झाले नाही, तर चहाच्या वेळी हसणारे माझे सहकारी बरोबर ठरतील, आणि एक चांगली कल्पना वाया घालवल्याचे पाप आपल्या सर्वांच्या माथी येईल. पुढची पन्नास वर्षे खेड्यात विद्यापीठ काढण्याचे नाव कोणी घेणार नाही.

यंदा आलेल्यांत बार्शीची एक मुलगी होती. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता, एक शहरात आणि एक गावाबाहेरच्या विद्यापीठात. मी तिला कोणतेही नाव सुचवले नाही. दुसऱ्या ठिकाणी सकाळी जाऊ नकोस, असे मात्र सांगितले. सकाळी सगळेच विभाग चांगले दिसतात. संध्याकाळच्या एस. टी.ने जा. सातनंतर ग्रंथालयात किती दिवे लागलेत ते मोज, मुलींच्या वसतिगृहाचे फाटक किती वाजता लागते ते फाटकावरच्या बाईंना विचार, कुलसचिवांना नको. विभागातल्या कोण्या एका अध्यापकाचे घर आवारात आहे का, आणि विद्यार्थी तिथे जातात का, तेही बघ. वडील सोबत होते. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि एस. टी.ची वेळ विचारली.